तिसऱ्या बाकावरचा फोन

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंना सगळे नकाशाबाई म्हणतात. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते, आणि स्पष्टच सांगते, पडद्यावर व्हिडिओ लावून खुर्चीत डुलक्या काढणारे शिक्षक माझ्या डोक्यात जातात. नकाशाबाई त्यातल्या नव्हेत. ज्वालामुखीचा व्हिडिओ त्या आदल्या दिवशी घरी सुनेला शेजारी बसवून बघणार, आणि वर्गात ऐन रंगात आला की बंद करणार. "सांगा, आता हा लाव्हा कुठे जाईल?" मग जो काही गलका होतो! भिंतीपलीकडे माझ्या अपूर्णांकांची पार वाट लागते.

यंदा सातवीतली एक मुलगी जिन्यावरून पडली. पायाचं ऑपरेशन झालं, कित्येक महिने अंथरूण. बाईंनी तिच्या आईच्या फोनवर धडे पाठवले, व्हिडिओ पाठवले. पोरीने एकही उघडला नाही. आई शाळेत आली ती रडकुंडीलाच.

"बाई, नुसती भिंतीकडे तोंड करून पडते. म्हणते, आता शाळाच नको."

"नको म्हणे! बघतेच मी," नकाशाबाई म्हणाल्या.

लगेच व्हिडिओ कॉल सुरू झाले. बाईंनी आपला फोन टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केला, कॅमेरा फळ्याकडे. अक्षरं टपोरी काढली, नकाशे रंगवले. आम्हा शिक्षकांना वाटतं ना, शाळा म्हणजे फळा! पोरीने जेमतेम हूं हूं केलं आणि एक दिवस कॉलच उचलला नाही. बाईंचा चेहरा एवढासा झाला. शाळा सुटल्यावर त्या तडक तिच्या घरी गेल्या.

"अगं, दिसत नाही का नीट?"

"फळा दिसतो, बाई. पण मागे सगळे कशाला हसतात, ते कळतच नाही."

दुसऱ्या दिवशी फोन गेला तिसऱ्या बाकावर, तिच्या जागेवर, पाण्याच्या बाटलीला टेकून, मैत्रिणीच्या शेजारी. थोड्याच वेळात दोघींची कुजबुज सुरू. बाईंचं डोकं फिरलं. फोनकडे बोट दाखवत सवयीने कडाडल्या, "काय चाललंय तिथे? तू गं! उभी राहा आधी!"

आणि वर्ग चिडीचूप. नकाशाबाईंच्या वर्गात शांतता? मी खडू टाकून त्यांच्या दाराशी धावले. बाई तोंडावर हात ठेवून उभ्या, डोळे भरलेले.

मैत्रीण मात्र उठली. तिने फोन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरला.

"उभी आहे, बाई!" फोनमधून आवाज आला, आणि खदखदून हसू. वर्गाने बाकं बडवून शाळा डोक्यावर घेतली. माझ्याही डोळ्यांना धार लागली, त्यात लाज कसली?

बाईंनी पदराने डोळे पुसले, आवाज चढवला. "हसतेस काय! उद्याही उभीच करीन."

"करा ना, बाई," पोरगी म्हणाली. "मी येणारच आहे."