सूरच्या घरातली मेंडीची ढाल

मस्कतला मुलाकडे आलो की मी फारसा कुठे हलत नाही. अल् खुवैरच्या गॅलरीत बसून लोकांनी फोनवर पाठवलेल्या ढालींचे फोटो बघणे, हा माझा उद्योग. उमेदीची वर्षं मी पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात कॉफीच्या मळ्यावर डिझेल फिटर होतो. तिथल्या लढाईच्या ढालींचा नाद लागला तो सुटला नाही. तीन ढाली घरी आहेत. शिक्षण म्हणाल तर सगळं बघून, विचारून आणि एकदा फसून झालेलं.

या खेपेला फोटो आला तो इथल्याच किनाऱ्यावरच्या सूर गावाहून. पाठवणारा इब्राहिम, मूळचा रत्नागिरीकडचा, सूरला सुतारकामाचं वर्कशॉप चालवतो. त्याचे अब्बा बोटीवर खलाशी होते. न्यू गिनीच्या लाए बंदरात डोंगरातून कॉफीची पोती घेऊन आलेल्या एका माणसाने आपली लढाईतली ढाल त्यांना दिली आणि बदल्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ घेतलं, असं ते सांगत. घड्याळ सासऱ्यांनी निकाहात दिलेलं. अम्मीचा यावर कधीच विश्वास बसला नाही. घड्याळ पत्त्यांत घालवलं आणि बाजारातली फळी उचलून आणली, हे तिचं ठाम मत. अब्बा गेले, मत तसंच राहिलं. "काका, एकदा बघून सांगा. खोटी असेल तर तसं सांगा, पण आता हे मिटवा," इब्राहिम म्हणाला.

ढालीची पाठ बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. शुक्रवारी सकाळी मुलाने, मंदारने, गाडी काढली. कुरियातच्या पुढे डावीकडे समुद्र, उजवीकडे उघडेबोडके डोंगर; रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही. दोन-अडीच तास धरा, टाकी मस्कतलाच भरा. पेट्रोलपंपावरच्या टपरीत कडक चहा आणि चीज घातलेला पराठा घ्या. त्यात बटाट्याचे वेफर्स चुरून घालतात. मी नाक मुरडलं आणि दुसरा मागवला. वाटेत बिम्माचा हिरव्या पाण्याचा खड्डा जरूर बघा. गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच.

सूरला इब्राहिम दारात उभा होता, नव्या नवरदेवासारखा. ढाल दिवाणखान्यात खुर्चीवर मांडलेली, आरशासारखी चकचकीत. पाहुणे येणार म्हणून सुतारबुवांनी आदल्या दिवशी सँडर फिरवून वर पॉलिश मारलं होतं. तांबडा-पांढरा रंग साफ गेलेला, त्रिकोणांच्या नुसत्या खाचा उरलेल्या.

माझा चेहरा बघून तोच बोलू लागला. लाकूड फार त्रासाचं, म्हणे. रंगाखाली जागोजाग काळे काटे रुतलेले, सँडरचा कागद सारखा फाटत होता. पकडीने उपटून त्याने भोकांत पुट्टी भरली.

"सगळे उपटलेस?"

"एक राहिला. कडेला आहे. हलेचना."

बोट फिरवलं. काळ्या ताडाचं टोक, लाकडात तिरपं घुसून मोडलेलं. बाण. ढाल उलटी केली. पाठीला त्याने हात लावला नव्हता. मागे कोण बघतंय, असा हिशेब. तिथे सालीचा दोर होता, खांद्यावर घालायचा, आणि दोराखालचं लाकूड घामाने गुळगुळीत झालेलं. तिथल्या डोंगरातले मेंडीकडचे लोक ढाल अशी खांद्याला अडकवतात, म्हणजे दोन्ही हात धनुष्याला मोकळे. प्रवाशांना विकायच्या ढालींना असली पाठ नसते.

अम्मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मी सांगितलं, ढाल लढाईतली आहे, कुणाचा तरी जीव हिने राखलाय.

"आणि घड्याळाचा काय?" तिने विचारलं.

तेवढं मात्र ढाल सांगत नाही, मी म्हणालो.

ती जवळ आली. मोडलेल्या टोकावर तिने अंगठा फिरवला. मग म्हणाली, "असली वस्तू फुकट कोण देतो भाऊ? दिलाच असेल त्यांनी घड्याळ." आणि आत जाऊन सुरमईचं कालवण गरम करायला लागली. तांदळाच्या भाकरीबरोबर इतकं जेवलो की धक्क्यावरची गलबतं बघायला उठवेना.

निघताना इब्राहिमला तंबी दिली, आता कापडसुद्धा फिरवायचं नाही. तो सारखा रंगाबद्दल माफी मागत होता. मी म्हटलं, अरे, मूळ मालकसुद्धा दर लढाईआधी नव्याने रंगवायचे. तू फक्त नवा रंग आणि लढाई विसरलास.

परवा त्याचा फोन आला. अम्मी आता आल्यागेल्याला स्वतःच गोष्ट सांगते, नवऱ्यापेक्षा तिखटमीठ जास्त. घड्याळ सोन्याचं झालंय, बाणही वाढलेत. खरं-खोटं निवडणं हे माझं काम. दुरुस्ती सुचवायला हवी होती. ती सोडून मी म्हटलं, घड्याळाला साखळी होती का पट्टा, तेही तिला सांगायला सांग.