तंट्याची वही

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत नवऱ्याने बायकोला बडवलं तर पोलिसांत जायचं नाही, मंडळात जायचं, असा रिवाज होता. तळमजल्यावर गणपतीची खोली. तिथे सेक्रेटरी बाबुराव लाल पुठ्ठ्याची तंट्याची वही उघडून बसत. नवऱ्याने गणपतीपुढच्या नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची, बायकोने वहीत सही करायची, मग दोघांना चहा. सही फक्त बायकोची. तक्रार तिची, तर ती मिटल्याची सहीसुद्धा तिचीच, असा हा न्याय. हा न्याय काढणारे सगळे पुरुष होते, हे वेगळं सांगायला नको.

रखमा दौलत परब हिने त्या वहीत एकोणीस सह्या केल्या होत्या.

कणकवलीकडून लग्न होऊन आलेली ही बाई लालबागच्या मसाला कुटायच्या डंखावर तीस वर्षं मिरच्या भाजत होती. दौलत कुठेशी वॉचमन होता आणि घरी दारू प्यायला की पैलवान. पोळपाटाच्या एका फटक्यात रखमाचा डावा कान कायमचा गेला. त्यानंतर शिव्या द्यायच्या झाल्या की दौलत आठवणीने तिच्या उजव्या बाजूला येऊन बसे. बायकोची एवढी एकच काळजी त्याने जन्मात घेतली.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. खोलीची भाडेपावती दौलतच्या नावावर, म्हणजे नवं घरही त्याच्याच नावावर होणार. तो उघड म्हणायला लागला, "टॉवरात तुझा काय काम गे? तू गावाक जा." गावाला कोण होतं? भाऊ वारला होता, घराला कुलूप होतं. नव्या घराच्या कागदावर दौलतच्या नावाखाली आपलं नाव असावं, म्हणजे कोणी हाताला धरून बाहेर काढणार नाही, एवढंच रखमाला हवं होतं. त्या पलीकडे तिने देवाकडेही काही मागितलं नव्हतं.

दादरच्या एका संस्थेतली सुचित्रा नावाची वकीलबाई तेव्हा याच गोष्टीसाठी कायदा व्हावा म्हणून आमदारांचे उंबरे झिजवत होती. मार खाणाऱ्या बाईचं नाव नव्या घरावर लागलंच पाहिजे, असा मसुदा तिने लिहिला होता. आमदारांच्या समितीसमोर बोलायला तिला बाई हवी होती. रखमा इस्त्रीची साडी नेसून गेली आणि पोळपाटापासून सगळं सांगितलं. एका साहेबांनी विचारलं, "बाई, पोलिसांत एकही तक्रार नाही. मग मारलं हे कशावरून?"

"आमच्याकडे वही आहे साहेब," रखमा ताठ मानेने म्हणाली. "एकोणीस वेळची. तारखेसकट."

साहेबांनी ते लिहून घेतलं. सुचित्राचे डोळे भरून आले. कायदा झाला तेव्हा त्यात एक वाक्य खास घातलं गेलं: स्थानिक मंडळाच्या लेखी नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धराव्या लागतील. संस्थेत सगळ्या त्याला 'रखमाताईंचं कलम' म्हणू लागल्या. तिला शाल मिळाली. रखमाने डंखावर पेढे वाटले.

वही मात्र कोणी उघडली नव्हती. ती बाबुरावांच्या कपाटात. सुचित्राने एवढा कायदा शिकून ती बघायला मागितली नाही, आणि रखमाला तर ती बघायची गरजच वाटली नाही. मार तिने खाल्ला होता, सही तिने केली होती, मग वर दुसरं काय लिहिलेलं असणार? सही करताना तिने कधी वाचलं नव्हतं. कधी डोळा सुजलेला असे, आणि उरलेल्या वेळी बाबुराव म्हणत, "चहा निवता गो, कर सही. फॉर्मॅलिटी आसा."

नाव लावण्याच्या तिच्या अर्जावर सुनावणी झाली तेव्हा अधिकाऱ्याने वही मागवली आणि मोठ्याने वाचली. घरगुती वाद. समजूत घातली. समाधान झाले, तक्रार नाही. खाली सही, रखमा दौलत परब. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच.

"कान गेला त्या दिवशीचं बघा ना साहेब," रखमा म्हणाली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं."

त्याने शोधून काढलं. समाधान झाले, तक्रार नाही.

"ही वही ग्राह्य धरावीच लागते बाई," तो म्हणाला. "तसा कायदाच आहे आता." अर्ज नामंजूर झाला. दौलत मागच्या बाकावर पान चघळत बसला होता. त्याला वकीलसुद्धा करावा लागला नाही.

रखमाने जिन्यात बाबुरावांना गाठलं. "मारलान, असं एकदाही का नाय लिहिलात?"

"अगो, चाळीची वही ती," म्हातारा खरंच दुखावला होता. "मारामारी लिहून चाळीचं नाव खराब करू?"

एवढ्यावर भागलं असतं तर रखमाने कपाळाला हात लावून सोसलं असतं. पण दुसऱ्या मजल्यावर आकांक्षा होती. अठ्ठावीस वर्षांची ही पोर रिवाज झुगारून पोलिसांत गेली होती. मोडलेल्या हाताचे हॉस्पिटलचे कागद तिच्याकडे होते. तक्रारीनंतर चाळीतल्या मोठ्यांनी गळ घातली म्हणून एकदा, फक्त एकदा, तिने वहीत सही केली होती. तिच्या नवऱ्याच्या, राजेशच्या वकिलाने नवं कलम दाखवून ते पान मागवलं. तक्रार नाही. घरावर नाव लावायचा तिचाही अर्ज गेला.

ती रखमाच्या दारात आली. "मावशी, माझी केस चांगली चालली होती गं. तुला कोणी सांगितलेलं तिथे जाऊन वहीचं बोलायला?"

रखमाला तिच्याकडे बघवेना. आयुष्यभर मार खाताना वाटली नव्हती एवढी लाज तिला त्या पोरीसमोर वाटली.

चार दिवसांनी सुचित्राचा फोन आला. "रखमाताई, तुमच्या कलमामुळे एका बाईला घर मिळालं! तिच्या गावातल्या मंडळाने सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. तुमच्याबद्दल वाईट वाटतं हो, पण काम वाया गेलं नाही."

"बरं झालं," रखमा म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिला कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली.

टॉवर उभा राहिल्यावर चाव्या वाटायच्या दिवशी खाली मांडव घातला होता. टेबलावरच्या क्लार्कने दौलतची सही घेतली आणि कागद रखमासमोर सरकवला. घरातल्या बाईची सही असल्याशिवाय चावी मिळत नव्हती. दौलत वाकून तिच्या उजव्या कानाशी आला.

"सही केलंस तर वर येशील. नाय केलंस तर हयसूनच एसटी पकड."

रखमाने कागद हातात घेतला आणि वाचायला लागली. पहिल्या शब्दापासून, बोट ठेवून. मागची रांग कुरकुरली. "मावशी, फॉर्मॅलिटी आहे," क्लार्क म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. घराचा ताबा पतीस मिळाला. माझी काही तक्रार नाही.

पहिल्यांदाच तिने सगळं वाचलं होतं. एक शब्द समजायचा राहिला नव्हता.

तिने सही केली. दौलतने चावी उचलली आणि लिफ्टकडे निघाला. रखमा पेन टेबलावर ठेवायला गेली, तर मागून एक हात पुढे आला. मनगटापाशी वाकडा जुळलेला. रांगेत पुढचा नंबर आकांक्षाचा होता.