भरती किती वाजता?

फोनवर मामीचा नंबर दिसला, म्हणून सवयीनं मांडवीच्या घराच्या समुद्राकडच्या खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "मामी, भरतीला अजून दोन तास आहेत गं!" पलीकडे मामेभाऊ होता. "दादा... आई गेली." त्याला आता दीड महिना झाला.

मामी मालगुंडची, म्हणजे समुद्रकाठची. लग्न होऊन आत, नदीकाठच्या बाजारपेठेत गेली. तिथल्या व्यापाऱ्यांच्या मते वादळ ही किनाऱ्यावरच्यांची भानगड. मामी एकटी ओरडायची, "अरे, खाडीत भरती चढली की नदीचं पाणी जाणार कुठं? तुमच्या गादीवर येऊन बसणार!" पावसाळ्यात दर अमावास्या-पौर्णिमेला मला तिचा फोन. भरतीची वेळ तिला तिथीवरून तोंडपाठ. पण समुद्राचा रंग बघून सांगायचं काम माझं. मी रेडिओच्या निवेदकाचा आवाज काढून लाटांचं वर्णन ऐकवायचो. बहुतेकदा अंथरुणातूनच...

एका अमावास्येला वादळाचा इशारा होता. दोन दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी दहाला फोन आला. मी पांघरुणातून घोषणा केली, "समुद्र शांत! ओहोटी लागली!"

"अमावास्येला दहाला ओहोटी? समुद्र काय तुझ्या सासऱ्यानं आंदण दिलाय? ऊठ मेल्या, खाली उतरून बघ!"

फोन कानाला लावूनच गेलो. लाटा धक्का ओलांडून रस्त्यावर येत होत्या. ते सांगताना माझ्यातला निवेदक पळून गेला होता. मामी फक्त "बरं" म्हणाली आणि समोरच्या सदू टेलरला हाक मारली.

"सदू, शिलाई मशिनी माझ्या माडीवर आण!"

"वहिनी, नदी अजून पात्रात आहे."

"नदीला काय विचारतोस? नंदू समुद्र बघून आलाय!"

बारापर्यंत चारही मशिनी माडीवर गेल्या. एकला सदूच्या दुकानात छातीभर पाणी. तेव्हापासून सदू मला देव मानतो. माझी पहिली बातमी मामीनं पोटात ठेवली, म्हणून देवपण टिकलं.

दिवसकार्याला गेलो, तर माडीवर तिचं कॅलेंडर. पावसाळ्यातल्या पुढच्या प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या चौकोनात पेन्सिलीनं एकच ओळ: 'नंदूला फोन.' मी मोठ्यानं हसलो, आणि मग ते हसू काही धड राहिलं नाही.

परवा पौर्णिमा होती. पाऊस जोरात. दहा वाजले, फोन वाजेना. शेवटी छत्री घेऊन धक्क्यावर गेलो, नखशिखांत भिजलो आणि सदूला फोन लावला. "सदूभाऊ, उधाण आहे. मशिनी वर घ्या."



"नंदूभाऊ, खाली उतरून बघितलंत ना? नाही, म्हणजे... वहिनी विचारायला सांगून गेल्यात."