फोनवरचा हां

बाबांच्या डिझेल गाडीचे दोन हीटर प्लग गेले होते. थंडीत इंजिन सुरू होण्याआधी त्याला आतून ऊब देतात ते हे प्लग. ते गेले की सकाळी गाडी नुसती खोकत राहते. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर, पण निशातगंजच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं काम त्यांनी वीस वर्षांत कधी तपासलं नव्हतं. मिस्त्रीने निरोप दिला होता : इंजिन गरम असतानाच आणा. थंड इंजिनात जुना प्लग आवळून बसतो, पिळला की तुटतो.

धक्का मारून गाडी सुरू केली आणि मी अलीगंजच्या घरून नऊला पोचलो. दुकान अकराला उघडलं. तोवर इंजिन गार झालं होतं आणि बॉनेट उन्हाने तापलं होतं. मिस्त्रीने बॉनेटवर हात ठेवला, हसला.

"भैया, गाड़ी भी साहब जैसी है, बिना चाय के उठती नहीं." मग विचारलं, "अभी चला के लाए हैं न? गरम है?"

माझ्या कानाला फोन होता. पलीकडे अमरावतीची आत्या लग्नाची यादी वाचत होती आणि मी दर वाक्याला "हां, हां" म्हणत होतो. मराठीत त्याचा अर्थ एवढाच की ऐकतोय.

मिस्त्रीने पाना लावला. पहिला प्लग निघाला. दुसरा तुटला, टोक आतच राहिलं.

संध्याकाळी बाबा माझ्याबरोबर दुकानात आले. मिस्त्री म्हणाला, "साहब, भैया ने हाँ कहा था."

बाबा माझ्याकडे वळले. "का रे, हो म्हणालास?"

"मी आत्याशी बोलत होतो."

वाक्य खरं होतं. माझ्या बातमीत छापलं असतं तर कुणाला खुलासा मागता आला नसता. प्रश्न मला ऐकू आला होता आणि बाराच्या पत्रकार परिषदेला पोचायची घाई होती, हे त्यात नव्हतं.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "हमसे ही सुनने में गलती हुई होगी," म्हणाला आणि पाना पुसत राहिला.

दुसऱ्या वर्कशॉपने इंजिनचं हेड उतरवून ते टोक काढलं. गाडी आता तिथेच जाते. थंडीत ती एका झटक्यात सुरू झाली की बाबा कधीकधी म्हणतात, "माणूस चांगला होता रे. हात थकले त्याचे."

मी शेजारी बसलेला असतो, फोन खिशात असतो.

"हां," मी म्हणतो.