ठोकळ्याचा दांडा

त्या सकाळी आम्ही नवराबायकोने ओसरीवर बसून कोळसा चाळला. तिच्याबरोबर केलेलं रोजचं काम म्हणाल तर हे शेवटचं. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं. मी चालवायचो त्या लॉरीला शेटने मागे लोखंडी पिंप बसवून घेतलं होतं. त्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. कोळशात भुकटी राहिली की चढणीवर इंजिनाचा दम सुटायचा. म्हणून चाळणी.

"माझ्या हलदीला पन एवढं न्हाय माखलं कुनी," काळे हात दाखवत ती म्हणाली.

"तेव्हा गोरी होतीस."

"तवा तुमी आंधले होता."

आमचा क्लीनर जास्त पगारावर लष्कराच्या छावणीत गेला होता. मीठ भरून ठाण्याला जायचं तर घोडबंदरच्या पुढच्या चढणीला दुसरं माणूस लागायचंच. लॉरी अडली की उतरून मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावायला. कोणी मिळेना तेव्हा ती म्हणाली, मी येते. आमच्या पेणकरपाड्यात लोक हसले. हसेनात का. ड्रायव्हर लोक निघताना नारळ फोडायचे, मीही फोडायचो. पण नारळाने ब्रेक लागत नाही.

मी तिला शिकवलं होतं. बाजूला उभं राहायचं, ठोकळा पायाने सरकवायचा, गाडीच्या मागे जायचं नाही. ती तसंच करायची. पण तिचा जन्म बैलगाडीवाल्याच्या घरातला. बैलगाडी मागे सरकली तर माणूस मागून दगड लावतो, दगड हलला तर हाताने नीट करतो. तेवढा वेळ बैल धरून ठेवतात. मिठाची लॉरी कोण धरणार?

त्या दिवशी चढणीवर दम सुटला. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. भरल्या गाडीला ते पुरत नाहीत, म्हणून तर ठोकळा. ती उतरली, ठोकळा लावला, बाजूला झाली. ठोकळा खडीवर तिरका झाला. तो सरळ करायला ती मागे गेली आणि वाकली. मी "सोड गो" म्हणेपर्यंत लॉरी हातभर मागे आली. हातभरच.

संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. शेटचा माणूस दारात उभा होता, गाडी कधी काढणार विचारायला. तो चुकीचं बोलला असं मला तेव्हाही वाटलं नाही. मीठ भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चालत चढणीवर गेलो. ठोकळा गटारात पडला होता. तो धुतला, घरी आणला, आणि पुरुषभर उंचीचा बांबू घेऊन त्याला दांडा ठोकला. आता कोणालाही वाकायला नको, मागे जायला नको. दोन खिळे वाकडे गेले. ते उपटून पुन्हा मारले.