कुंडातले लाल शेपटीचे मासे
पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचा वास आला की मला मलकापूरजवळच्या आमच्या गावातलं कुंड दिसतं. मी ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होतो. कुंडात बोटाच्या पेराएवढे, लाल शेपटीचे मासे होते. आसपासच्या ओढ्यांतून ते संपले होते, म्हणून कोल्हापूरच्या कॉलेजातल्या मॅडम त्यांच्या काही जोड्या वाढवायला नेणार होत्या. पाहुण्यांना शेवाळलेलं पाणी कसं दाखवायचं, म्हणून मी त्या यायच्या आदल्या संध्याकाळी कुंडात दोन डबे पावडर ओतली. सकाळी तळ लख्ख दिसत होता आणि सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. माझ्या पावडरीनंच ते मेले, हे मला कळलं. मॅडम पायरीवरच बसल्या. "एकही नाही राहिला?" सरपंच तिथं जमलेल्यांतल्या, कुंडाच्या वरच्या अंगाला ऊस असलेल्या शेतकऱ्यावर ओरडले, "उसाला औषध मारतोस, त्येच उतरलं की रं कुंडात!" तो माझ्याकडं वळला. "खरं व्हय, दादा? माझ्यानं झालं?" पाण्यातलं मला कळतं, असं सगळे मानायचे. मी "व्हय" म्हणालो. त्यानंतर त्यानं उसावर कधी औषध मारलं नाही. अजूनही रोज सकाळी तो कुंडात वाकून एखादा मासा दिसतो का बघतो, आणि मी त्याला रामराम घालून पुढं जातो.