प्रभा आयर्लंडला गेली तेव्हा

हरीश साठ्येला गाडी चालवायला आवडायचं, आणि शेजारच्या सीटवर प्रभा असायला आवडायचं. लग्न झाल्यावर थोड्याच वर्षांत दोघं सांगलीहून जर्मनीत आली. इंगोलश्टाटच्या एका कंपनीत, मोटारींच्या दरवाजांचे साचे बनतात तिथे, त्याला नोकरी मिळाली. पुढे जवळच्या मानशिंग गावात त्यांनी छोटं घर घेतलं, मुलगी झाली, तिचं नाव स्वराली ठेवलं. दर उन्हाळ्यात तिघं गाडीनं कुठेतरी जायची. ऑस्ट्रिया, इटली, एकदा क्रोएशियाही. कुठल्या रस्त्यानं जायचं, जेवायला कुठे थांबायचं, काय बघायचं, सगळं हरीश ठरवायचा. निघायच्या आधी तो त्या गावाची माहिती वाचून काढायचा आणि तिथे पोचल्यावर सांगायचा. प्रभा ऐकायची. "हो का?" म्हणायची. त्या "हो का"वर हरीशची अठरा वर्षं छान गेली.

मानशिंगमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी केल्ट लोकांचं मोठं शहर होतं. शेतं खणताना सोन्याची नाणी निघाली, भांडी निघाली, आणि दोन हजार सहा साली गावात त्यासाठी नवं संग्रहालय उघडलं. तिथल्या तिकीट खिडकीवर प्रभाला आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालं. हरीशला बरंच वाटलं. स्वराली मोठी झाली होती, प्रभाचा वेळ जाईल, असा त्याचा हिशेब.

प्रभा तिकिटं देता देता काचेच्या पेट्यांवरच्या पाट्या वाचू लागली. मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागली. तिथे केल्ट लोकांवर एक अभ्यासवर्ग चालायचा. गावातला निवृत्त बेकरीवाला हेर झिर्नगीबल, दोन शिक्षिका, एक नर्स, अशी मंडळी होती. आणि पुढच्या वसंतात एका रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, आमच्या वर्गाची सहल निघतेय. केल्टिक देशांची. आयर्लंड, वेल्स, कॉर्नवॉल, मग बोटीनं फ्रान्सच्या ब्रिटनीत. दहाच माणसं, छोटी बस, सोबत माहितगार गाइड. आपण जायचं का?"

"गाइडच्या छत्रीमागे मेंढरांसारखं?" हरीश म्हणाला. "त्यापेक्षा आपण गाडीनं जाऊ. मी आखतो."

"कधी?"

"बघू. पुढच्या वर्षी वगैरे."

प्रभानं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. "मग मी जाऊन येते," ती म्हणाली.

हरीश हसला. त्याला ती थट्टा वाटली. पुढच्या आठवड्यात ती नाव नोंदवून आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्या टेबलावर एकटा तोच थट्टा करत होता.

तेव्हापासून त्याचं कशात लक्ष लागेना. प्रभानं रेनकोट आणला, तर तो म्हणाला, रंग भडक आहे. तिनं चालायचे बूट घेतले आणि सवय व्हावी म्हणून घरात घालून फिरू लागली, तर त्याला त्या बुटांचा आवाज खुपू लागला. एका शनिवारी वर्गातली मंडळी घरी आली. प्रभानं थालीपीठं केली. सगळ्यांनी नकाशा पसरला आणि हरीश न राहवून त्यात वाकला. "इथून असं वर कशाला जाता? वेळ फुकट जाईल. सरळ या रस्त्यानं या."

हेर झिर्नगीबल सौम्यपणे म्हणाला, "आल्झो, म्हणजे कसं, तिथे एक विहीर आहे. प्रभाला बघायचीय."

प्रभाला बघायचीय. अठरा वर्षांत प्रभाला अमुक एक बघायचंय हे त्याला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. तो स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी विसळत बसला.

ऑगस्टमध्ये वर्गातल्या एकाची कंबर धरली आणि त्याचं येणं रद्द झालं. प्रभानं ते सहज बोलता बोलता सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हरीश कंपनीच्या आवारात जाऊन उभा राहिला आणि त्यानं सहल काढणाऱ्या बाईंना, फ्राऊ लेशनरना, फोन लावला.

"हो, एक जागा आहे," त्या म्हणाल्या. "पासपोर्ट कुठला?"

"भारतीय."

मग त्या म्हणाल्या, आयर्लंडचा व्हिसा वेगळा लागेल, ब्रिटनचा वेगळा, आणि निघायला आता फार दिवस उरले नाहीत. फार वाईट वाटतंय.

"हरकत नाही, सहज विचारलं," हरीश म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी प्रभानं जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. तेव्हा यानंच तिला चिडवलं होतं, "बघा, आता आमच्या घरात एक परदेशी बाई राहते." त्याला आपला निळा पासपोर्ट सोडवला नव्हता. त्या दिवशी आवारात उभं राहून त्याला राग आला तो प्रभाचाच. जणू तिनं हे सगळं तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं.

सप्टेंबरात ती गेली. म्युनिकच्या विमानतळावर त्यानं तिला सोडलं. ती मंडळीत मिसळली, एकदा वळून हात केला आणि पुन्हा कुणाशीतरी बोलू लागली. घरी परतताना शेजारच्या सीटवर तिनं वाचायला घेतलेला संग्रहालयाचा कागद पडला होता. हरीशनं तो उचलून मागे टाकला.

ती रोज फोन करायची. आणि रोज एक नाव यायचं. यान. हा त्यांचा गाइड, मूळचा ब्रिटनीचा, बरीच वर्षं रेगेन्सबुर्गला राहिलेला. यान म्हणतो की या विहिरीत लोक अजून चिंध्या बांधून नवस बोलतात. यान म्हणतो की वेल्श भाषा वाचवायला लोकांनी किती धडपड केली. यान म्हणतो, आज बूट सुकवा, उद्या आणखी भिजायचंय. हरीशनं न बघताच यान डोळ्यांसमोर उभा केला होता. उंच, सोनेरी केसांचा, जाड लोकरीचा स्वेटर घातलेला, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहणारा.

मग हरीशनं एक उद्योग सुरू केला. संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून तो दुसऱ्या दिवशी ती जाणार त्या जागेची माहिती शोधायचा आणि पाठ करून ठेवायचा. ब्रिटनीतल्या कार्नाकहून तिचा फोन आला तेव्हा तो तयार होता.

"अहो, इथे दगड उभे केलेत. ओळीच्या ओळी. जिकडे बघाल तिकडे."

"तीन हजारांच्या वर आहेत," तो लगेच म्हणाला. "केल्टांच्याही आधीचे. कशासाठी उभे केले ते कुणालाच माहीत नाही."

"हो, यान म्हणाला. पण ते नंतर. आधी म्हणाला, काही बोलू नका, मोजू नका, नुसतं चाला यांच्यातून." मग ती म्हणाली, "मला चालताना आईची आठवण आली. का आली कळेना. रडलेच मी."

हरीशनं एवढं वाचलं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं. "जपून राहा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

स्वराली जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होती. ती सतरा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्येच यायचं. तिनं सरळ विचारलं, "पापा, बिस्ट डू आयफरझ्युश्टिश?" मत्सर वाटतोय का तुला?

"भाजी गार होतेय," हरीश म्हणाला.

"आउफ डी श्टायने?" तिनं हसून विचारलं. दगडांचा मत्सर?

हरीश हसला नाही. दगडांचाच वाटत होता.

प्रभा परत आली ती नाकावरची कातडी सोलवटून, आणि दोन किलो मीठ घेऊन. ब्रिटनीच्या समुद्राचं. हरीशसाठी तिनं लोकरीचा मफलर आणला होता. त्यानं तो हातात घेऊन उलटसुलट केला. "असे इथेही मिळतात," तो म्हणाला. प्रभानं मफलर परत घेतला, घडी घातली आणि कपाटात ठेवला.

"फोटो बघायचे?"

"आज दमलोय. रविवारी बघू."

रविवारी त्यानं गाडी धुतली. मग चाकं तपासली. प्रभा पुन्हा म्हणाली नाही, आणि हरीश मनातून वाट बघत राहिला की ती पुन्हा म्हणेल. फोटो घरच्या कॉम्प्युटरवरच होते. तो रोज त्याच कॉम्प्युटरवर बसायचा आणि ते उघडायचा नाही. शेजारणींना, सांगलीच्या बहिणीला फोनवर, संग्रहालयातल्या लोकांना प्रभा सगळं सांगायची. तो शेजारच्या खोलीत बसून ऐकायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

नोव्हेंबरात वर्गानं सहलीच्या फोटोंचा कार्यक्रम ठेवला. गावातले लोक आले होते. न जाणं वाईट दिसलं असतं म्हणून हरीश गेला. दारातच प्रभानं ओळख करून दिली, "हा यान." बुटका, टकला, साठीच्या घरातला माणूस, कानात ऐकायचं यंत्र. हरीशला एकदम सुटल्यासारखं वाटलं. ते सुख फार टिकलं नाही.

ब्रिटनीचा भाग प्रभा सांगणार होती. ती पुढे जाऊन उभी राहिली. तिच्या जर्मनमध्ये चुका होत्या, लिंगं चुकत होती, आणि प्रत्येक चुकीला हरीशचे ओठ आपोआप हलत होते. पण खोलीत कुणाला त्याचं काही नव्हतं. ती सांगत होती की एका गावात रात्री नाच असतो, लहानथोर सगळे करंगळीत करंगळी अडकवून गोल धरतात. "मी त्यांना म्हटलं, आमच्याकडेही मुली असाच फेर धरतात, मध्ये हत्तीचं चित्र मांडून. तर म्हणाल्या, दाखव. हत्ती कुठून आणणार? मग मी त्यांना फुगडी दाखवली."

पडद्यावर फोटो आला. प्रभा आणि एक म्हातारी ब्रेटन बाई, हातांचा तिढा घालून, मागे झुकून गरगर फिरताहेत. प्रभाचे केस सुटलेत, तोंड उघडं आहे, डोळे मिटलेत. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवताहेत. खोलीत सगळे हसले, कुणीतरी शिट्टी वाजवली.

त्या फोटोत कुणी पुरुष असता तर हरीशला सोपं गेलं असतं. रागावायला काही मिळालं असतं. पण तिथे एक सत्तरीची म्हातारी होती, आणि प्रभाचा तो चेहरा होता, जो त्यानं साल्झबुर्गला पाहिला नव्हता, व्हेनिसला पाहिला नव्हता, सांगलीच्या घरात लग्नाच्या पहिल्या वर्षीही पाहिला नव्हता. तो चेहरा या बेकरीवाल्यानं पाहिला होता. त्या नर्सनं पाहिला होता. हरीश खुर्चीत सरळ बसला.

कार्यक्रमानंतर केक आणि वाईन होती. फ्राऊ लेशनर लोकांतून वाट काढत आल्या. "हेर साठ्ये! तुम्हीच ना ते, ऑगस्टमध्ये फोन केला होतात? त्या रिकाम्या जागेसाठी? मला इतकं वाईट वाटलं तुमच्या व्हिसाचं!"

प्रभा शेजारी उभी होती, हातात रसाचा पेला. तिनं हरीशकडे पाहिलं.

"गेनाऊ," हरीश म्हणाला. अगदी बरोबर.

गाडीत बसल्यावर प्रभानं पट्टा लावला आणि विचारलं, "फोन केला होतात?"

"सहज केला होता."

"अहो."

"बरं, सहज नव्हता. यायचं होतं मला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, आधी का नाही म्हणालात."

"म्हणाले असतेच."

त्यानं गाडी सुरू केली नाही. समोरच्या काचेवर दव साचलं होतं. "तू फुगडी खेळायचीस?" त्यानं विचारलं.

"माहेरी, इस्लामपुरात माझ्यापुढे कुणी टिकायचं नाही. तुम्हाला सांगितलं होतं मी. साल्झबुर्गला. तुम्ही तेव्हा किल्ल्याबद्दल सांगत होतात."

हरीशला किल्ला आठवला. फुगडी आठवली नाही. "मला हेवा वाटतोय, प्रभा," तो म्हणाला. "तू गेलीस त्याचा नाही. माझ्याशिवाय तुला इतकं छान वाटलं, त्याचा. केव्हापासून वाटतोय. आत्ताही वाटतोय."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवावा असं त्याला वाटलं. तिनं ठेवला नाही. "वाटू दे," ती म्हणाली. "खरं बोललात, ते बरं झालं. पण त्या मफलरला जे बोललात ना, ते मला लागलं."

"लागायलाच हवं होतं," हरीश म्हणाला. "म्हणूनच बोललो." आणि मग, थोड्या वेळानं, "चुकलं माझं."

त्या आठवड्यात दोघांनी फोटो बघितले. हरीश मध्येच म्हणायचा, "हे बांधकाम साधारण..." आणि प्रभा थांबून त्याच्याकडे बघायची. मग तो गप्प बसायचा. एकदा तिनं चिडून कॉम्प्युटर बंदही केला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

पुढच्या वर्षी वर्गानं स्कॉटलंड ठरवलं. हरीशनं जानेवारीतच व्हिसाचे कागद जमवायला घेतले आणि जूनमध्ये दोघं एकत्र निघाली. मत्सर काही घरी राहिला नाही, तोही बसमध्ये चढला. बसमध्ये मागच्या सहलीचे विनोद चालायचे, कुठल्यातरी गाढवाचं नाव घेतलं की सगळे हसायचे, प्रभा सगळ्यात जास्त, आणि हरीश खिडकीबाहेर बघायचा. पहिल्या सकाळी नाश्त्याला एका नव्या बाईंनी त्याच्याकडे बघून विचारलं, हे कोण? हेर झिर्नगीबल पावाला लोणी लावत म्हणाला, "हा? प्रभाचा नवरा."

हरीशनं चहाचा घोट घेतला. कंपनीत त्याला सगळे हेर साठ्ये म्हणायचे, गावात प्रभाला हेर साठ्येंची बायको म्हणायचे. त्यानं मान डोलावली आणि त्या बाईंना साखर पुढे केली.

स्कायच्या बेटाजवळ ते एका बोटीत होते. वारा इतका होता की सगळे कठड्याशी दाटीनं उभे होते. यान बोट दाखवून काहीतरी सांगत होता. प्रभा पुढच्या रांगेत होती. तिनं वळून हाक मारली, "अहो, इकडे या ना! इथून नीट दिसतंय." नर्सबाईंनी सरकून जागा केली. हरीश गेला आणि प्रभाच्या मागे उभा राहिला. समोरच्या कड्याबद्दल यान जे सांगत होता त्यातलं बरंचसं त्यानं घरी वाचलेलं होतं, आणि एका ठिकाणी तर यानचं साल चुकलं होतं. प्रभा मन लावून ऐकत होती.

हरीश काही बोलला नाही. ते त्याला फार जड गेलं.